शेवटचं रूप

बेस्ट, नेदरलँड्स, शनिवार संध्याकाळ

आज बाबा बोलले. बोलले म्हणायचं का, तेच कळत नाहीये.

स्ट्रोकनंतर त्यांची वाचा गेली ती गेलीच. दुपारी आईने पुण्याहून नेहमीसारखा व्हिडिओ कॉल लावला. बाबा नुसते बघत राहिले, माझं नावही येईना. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेला माणूस. काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "वदति."

आणि बाबा खणखणीत सुरू झाले. "वदतः, वदन्ति. वदसि, वदथः, वदथ." आई रडायलाच लागली. वद् म्हणजे बोलणे. वाद, संवाद सगळे त्याच्याच पोटचे, असं ते सांगायचे. "वदामि, वदावः" म्हणाले आणि थांबले.

अडकले नव्हते. वर्गात शेवटचं रूप ते कायम मुलांसाठी सोडायचे, हात पुढे करून. आज उजवा उचलत नाही म्हणून डावा पुढे केला.

डॉक्टर आईला म्हणालेत, पाठ असलेलं कधीमधी येईल, त्याला बोलणं समजू नका. मग तो हात? हात कुठे पाठ असतो?

शेजारून माझ्या लेकीने, ईराने, इंग्रजीत विचारलं, आजोबा गाणं म्हणतायत का.

वदामः. आपण बोलतो. एवढंच तर म्हणायचं होतं मला. ते राहूनच गेलं. बाबांनी जरा वेळ वाट पाहिली. मग हात खाली घेतला.