नवमीची हाक

२४ ऑगस्ट, रविवार
पोचले. सामानही पोचलं, एक बादली सोडून. अमरावतीहून जबलपूरला बदली म्हटल्यावर शाळेतल्या सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली होती, पण मला पहिल्याच दिवशी इथं बरं वाटतं आहे. गढ़ा भागातल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली घरमालक भाऊराव राहतात, फॅक्टरीतून रिटायर झालेले, ऐंशीच्या आसपासचे. सोबत सून अंजनी. मुलगा सुशांत रेल्वेत आहे, आठवड्यातले बरेच दिवस ड्यूटीवर बाहेर. घर मराठी, पण भांडण हिंदीत. अंजनीनं चहा आणून दिला आणि म्हणाली, दीदी, माझी मराठी ऐकून हसायचं नाही हं. भाऊरावांनी मला लगेच यामिनी बेटा करून टाकलं.

दुपारी त्यांनी जिन्याखालून हाक मारली तेव्हा क्षणभर दचकले. आई अशीच मारायची, स्वयंपाकघरातून, शेवट लांबवत. यामे वं! आईची एकही रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही. तेव्हा सुचलं नाही कुणाला. पण कानात ती इतकी स्पष्ट आहे की कधी गरजही वाटली नाही.

३१ ऑगस्ट, रविवार
आज जेवायला खाली बोलावलं होतं. वांग्याची भाजी उत्तम. जेवणानंतर भाऊरावांनी कपाटातून एक हार्ड डिस्क काढली, रुमालात गुंडाळलेली. मी शाळेत कम्प्युटर शिकवते हे कळल्यापासून त्यांच्या मनात होतं म्हणे.

त्यांच्या पत्नी शैलजाबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. पितृपक्षातली अविधवा नवमी ही नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची तिथी. या घरात त्या दिवशी पानं वाढून झाली की शैलजाबाईंचा आवाज स्पीकरवर लावतात. आजारपणाच्या आधी अंजनीनं मोबाइलवर त्यांचं बोलणं, रागावणं, हाका मारणं सगळं भरून ठेवलं होतं. त्यांनी जेवायला हाक मारली की मगच कावळ्याचं पान गच्चीवर न्यायचं. भाऊराव म्हणाले, आपल्या तिथीला तीच आपल्याला बोलावते, बाकीच्यांकडे उलटं असतं. आणि हसले.

मोबाइल भरला म्हणून सगळं या डिस्कवर हलवलं, मोबाइल विकला. गेल्या दिवाळीत अंजनीनं ती टीव्हीला लावली आणि चालू असतानाच ओढून काढली. तेव्हापासून उघडत नाही. हे सांगताना ती ताटाकडे बघत होती.

मी म्हटलं, नवमीपर्यंत करून देते. का म्हटलं? येईल असं खरंच वाटलं म्हणून, की त्या दोघांसमोर ‘बघते’ एवढंच म्हणायला कमीपणा वाटला म्हणून?

३ सप्टेंबर, बुधवार
शाळेतून आल्यावर बसले. डिस्क लावली की दिवा लागतो, आत तबकडी फिरल्याचं हाताला जाणवतं, पण स्क्रीनवर काही नाही. केबल बदलली. दुसरा पोर्ट. शाळेतला दुसरा लॅपटॉप. शेवटी डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसली, पण नुसती RAW, म्हणजे आत काहीतरी आहे आणि ते कसं वाचायचं हे कम्प्युटरला कळत नाही. फॉरमॅट करू का, असं विचारलं. नाही म्हटलं. मुलांना मी पहिला नियम हाच शिकवते: बिघडलेल्या डिस्कवर काही लिहायचं नाही, फक्त वाचायचं.

बाजारात बड़ा फुहाऱ्याजवळच्या कम्प्युटरवाल्याचं मत, इंदौरला पाठवा, महिना लागेल. नवमी पंधराला आहे. परत आणली. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालू केलं. डिस्क अर्ध्याहून बरीच कमी भरलेली आहे.

६ सप्टेंबर, शनिवार
आवाजाचे तुकडे निघू लागले. पण नावं गेलेली, नुसते आकडे. शैलजाबाईंचा आवाज मी कधी ऐकलेला नाही, म्हणून भाऊरावांना शेजारी बसवलं. त्या कशा बोलायच्या ते सांगा, म्हणजे काय शोधायचं ते कळेल. त्यांनी डोळे मिटले आणि हुबेहूब बाईच्या आवाजात म्हटलं, ‘अहो, ऐकून राहिले का? पानं घेतली!’ अंजनी दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला.

तुकडे लावून पाहिले. नुसती खरखर.

संध्याकाळी ते जिना चढून वर आले. एवढे कधी चढत नाहीत. विचारू लागले, बेटा, ती कशी हाक मारायची? मी शब्द सांगितले. म्हणाले, शब्द माहीत आहेत गं, आवाज येऊन नाही राहिला.

वय झालं आहे. थकले असतील.

९ सप्टेंबर, मंगळवार
पितृपक्ष लागला. आज अंजनीला बसवलं. सासूबाई कशा रागवायच्या ते तिनं करून दाखवलं: ‘काहून गं, गॅस काय तुझे बाबूजी येऊन बंद करणार का?’ आम्ही दोघी खूप हसलो. मग एक तुकडा स्वच्छ वाजला.

भाऊरावांचा आवाज. ‘अहो, ऐकून राहिले का? पानं घेतली!’ शनिवारचाच. मागे अंजनीच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा.

लॅपटॉपचा माइक दोन वर्षांपासून बंद आहे. पुन्हा तपासला. बंदच आहे. भरलेली जागा पाहिली. अर्ध्याच्या पुढे गेली आहे.

मी फक्त वाचते आहे. लिहितं कोण?

जाताना अंजनी दारात थांबली. म्हणाली, दीदी, आत्ता मी जे म्हटलं ना, ते मम्मीजी कसं म्हणायच्या? मी हसले. ती हसली नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार
दोघांना खाली बसवून सांगितलं. मीच तुम्हाला शेजारी बसवलं, बोलायला लावलं, आणि तुम्ही जे बोललात ते तुमच्यातून गेलं. समजूतदार बाईनं बोलू नये असं हे बोलणं आहे, हे मला कळतं. पण लपवणं जास्त वाईट. मी डिस्क बंद करते, असं सांगितलं.

भाऊराव ओरडले. म्हणाले, आमच्याजवळ जे होतं तेही आता आतच आहे, आता काहून सोडून राहिली? आता तर काढच. मग हात जोडले. ऐंशी वर्षांच्या माणसानं माझ्यापुढे हात जोडले.

डिस्क त्यांच्या कपाटात ठेवून आले. तार काढलेली. रुमालातूनसुद्धा हाताला गरम लागत होती.

१३ सप्टेंबर, शनिवार
अंजनीचा आवाज सकाळपासून बसलेला. दुपारी पूर्ण गेला. घशाचे डॉक्टर म्हणाले, घसा साफ आहे. ती ओठ हलवते. माझ्याकडे बघून हलवते.

डिस्क तिकडे कपाटात. कशालाही जोडलेली नाही.

सुशांत ड्यूटीवरून आले. हातोडी घेऊन कपाटाकडे गेले. भाऊराव डिस्क छातीशी धरून जमिनीवर बसले. सुशांत म्हणाले, बाबा, सोडा, अंजनीला काय करून ठेवलं ते बघा. भाऊराव म्हणाले, तिचाही आवाज यातच आहे, फोड मग.

हातोडी ठेवली त्यांनी. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे का — हो, माझ्याकडेच.

१४ सप्टेंबर, रविवार
डिस्क वर आणून एकटीनं लावली. खालच्या लोकांना वर येऊ नका म्हटलं. वाटलं, डिस्कला घ्यायचंच असेल तर माझं घेऊ दे. हे त्यागानं केलं असं लिहिणार नाही. त्यांच्या नजरेसमोर राहवत नव्हतं.

शेजारी बसले. आईची हाक आठवली. मुद्दाम, नीट, शेवटापर्यंत.

डिस्क उघडली. सरळ. जशी चांगली डिस्क उघडते तशी. काठोकाठ भरलेली.

पहिलाच आवाज — ‘यामे वं!’

जिची रेकॉर्डिंग नव्हतीच. मी ओ दिली. खरंच दिली. आवाज संपला, आणि नंतर मी तो आठवायला गेले तर —

मागची पानं उलटली. २४ ऑगस्टला लिहिलेलं आहे. यामे वं. शब्द आहेत.

शैलजाबाईंचेही तुकडे मिळाले बहुतेक. बाईचा आवाज, जेवायला बोलावणारा. स्पीकरवर घेऊन ठेवला. अंजनीचा शोधला. सापडला नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार. नवमी
पानं वाढली. खीर, वडे, सगळं. अंजनीनं एकटीनं केलं, आवाज न करता. स्पीकर लावला.

‘अहो, ऐकून राहिले का? पानं घेतली!’ स्वच्छ. गोड आवाज होता त्यांचा.

भाऊरावांनी ऐकलं. नीट ऐकलं, मान कलती करून. मग मला विचारलं, बेटा, ही बाई कोण?

सुशांतकडे पाहिलं मी. ते खाली बघत होते. अंजनीनं मान हलवली. नाही.

पुन्हा लावा म्हणाले. लावला. पुन्हा. पुन्हा. अनोळखी बाई जेवायला बोलावत राहिली. पान गच्चीवर गेलंच नाही. कावळे कठड्यावर बसून —

दुपार. वर आले आहे. डिस्क इथे नाही, स्पीकर बंद करून आले. मीच बंद केला. हाताने.

तरी खालून हाक. बाईचा आवाज. भाऊराव नाहीत. अंजनी तर —

यामे वं.

हे नाव मी इथे कुणालाही सांगितलेलं नाही. फक्त या वहीत —

पुन्हा. जिन्याच्या खालच्या पायरीवरून. शेवट लांबवत.

आईचा असेल तर ओ द्यायला हवी. जायला हवं. पण आईचाच आहे हे आता मी कशावरून

हाक वर येते आहे. दाराशी. मी कान लावून ऐकते आहे, ओळखायचा प्रयत्न करते आहे, काहीतरी खूण, एखादी तरी, आई हाक मारताना नेहमी