आईंनी धुतलेलं नाणं

महेश,

आमटी-भात ओट्यावर आहे, गरम करून घे. मी आईंना घेऊन चिखलोलीला वन्संकडे जातेय.

तुझं ते चांदीचं नाणं आज उल्हासनगरच्या सराफाला दाखवून आणलं. खासगी टांकसाळीचं, आरशासारखी चकाकी, सीलबंद डबी, म्हणून तू साध्या नाण्यापेक्षा केवढे जास्त मोजलेस! आणि आईंनी लक्ष्मीपूजनाला डबी उघडून त्याला पंचामृताने आंघोळ घातली, तर घर डोक्यावर घेतलंस. अरे, देव्हाऱ्यात काय प्लॅस्टिकची पूजा करायची?

सराफाने कसोटीवर घासून, तोलून पाहिलं. म्हणाला, "दीदी, चांदी एकदम असली है. लेकिन भाव सिर्फ वजन का मिलेगा." मी विचारलं, डबी बंद असती तर? तो हसलाच. "तो भी वजन का ही. चमक कौन खरीदता है?" शेजारच्या दुकानातही तेच. म्हणजे चांदी खरी, पण वरचे पैसे पाण्यात गेले. आणि ते आईंनी नाही घालवले, तू घालवलेस, ती डबी विकत घेतलीस तेव्हाच.

नाणं देव्हाऱ्यात ठेवलंय, हळदीकुंकवासकट. पुसायला जाऊ नकोस.

संध्याकाळी आम्हाला न्यायला ये, आणि आईंशी आधी तू बोल. काल आईंनी तुझ्या शर्टाची घडी घालायला घेतली आणि त्या मध्येच थांबल्या. मला हळूच विचारलं, "याला हात लावलेला चालतो ना गं त्याला?"

शलाका