पाठीवर आप्पा असताना

२ ऑगस्ट, सकाळ
आधी तब्येती विचारल्या, मग प्रॅक्टिस. शिवांगीचा घोटा? उतरला. जेबाचा खोकला? हाव, कमी हाय. तनुजाची दाढ? रडून राहिली. घरी बायकोला, सिंधुला, शुगर विचारली, तर तिनं उलट माझाच गुडघा विचारला. गुडघा उत्तम. गोळी फक्त सकाळ-संध्याकाळ.

महिनाअखेर लातूरला मुलींची निवड चाचणी. शिवांगी निवडली गेली तर हॉस्टेल, शाळा, फुटबॉल सगळं तिथंच. न्हाई तर तिचे वडील दयानंदराव तिला इथून, भोकरच्या आत्याकडून, जळकोटला परत नेणार. खेळ बंद. फोनवर त्यांना सांगितलं, पोरगी माझ्यावर सोडा.

५ ऑगस्ट
पोरीत एकच खोट. पाठीवर कुणी आलं की बॉल घेताना गडबडते. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. भाषा कळली न्हाई, मुद्दा कळला. बॉल यायच्या आधी खांद्यावरून मागं बघायचं, अंग मधे घालायचं, धक्का सोसायचा. धक्क्याचं मला कोण शिकवणार! उभी हयात एस.टी.त कंडक्टर. लग्नसराईत भोकर-किनवट गाडीत तिकिटं फाडलीत.

पोरी एकमेकींना धक्का द्यायला लाजतात. ठरलं. डिफेंडर मी स्वतः.

९ ऑगस्ट
कमाल झाली. जेबानं पास दिला, मी शिवांगीच्या पाठीवर. पायाला पाय लागला न लागला, पोरगी थांबली, वाकून माझ्या कॅनव्हासच्या बुटाला हात लावला, कपाळाला लावला. तेवढ्यात बॉल मी नेला. तनुजाचंही तेच. जेबा तर मी जवळ गेलो की ‘माफ करना चाचा’ म्हणत आधीच बाजूला.

या वयात हा वेग! माझ्यासमोर तयार झाल्या तर लातूरच्या पोरी काय चीज हायत. शिवाय संस्कार बघा.

१४ ऑगस्ट
गुडघा सुजला. पोरींना कळू दिलं न्हाई. सिंधु म्हणाली, आवो, ह्या वयात पोरींच्या अंगावर कशाला धावून ऱ्हाता, जेबाला उभं करा की, चांगली दणकट हाय. सिंधुला फुटबॉलमधलं काय कळतं? हाताला चटका बसल्याबिगर भाकरी उलटता येत न्हाई, हे तिचंच वाक्य तिला ऐकवलं. दुपारचा चहा झाला न्हाई.

२१ ऑगस्ट
लई प्रगती. आता मी नुसता मागं आलो तरी शिवांगीला कळतं. खांद्यावरून बघते आणि बॉल सोडून बाजूला होते. म्हणजे बघायची सवय लागली. अर्धं काम झालं. बाकीचं अर्धं मॅचमध्ये आपोआप होईल. दयानंदरावांना कळवलं, बॅग आणून ठेवा.

३० ऑगस्ट, लातूर, दुपार
लिहावंसं वाटत न्हाई.

मी जाळीबाहेर उभा. पहिलाच पास शिवांगीकडे. मागून एक दांडगी पोरगी आली. शिवांगीनं खांद्यावरून बघितलं, अगदी शिकवल्यासारखं. आणि बॉल सोडून बाजूला झाली. दुसऱ्या पासाला बुटाला बूट लागला. ती वाकली, त्या पोरीच्या बुटाला हात लावला, कपाळाला लावला. बॉल केव्हाच गेला होता. मैदान हसलं. निवड करणाऱ्या मॅडमनी विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, सवय हाय, मॅडम.

कुणी लावली ते सांगितलं न्हाई तिनं.

यादीत नाव न्हाई.

त्याच दिवशी, गाडीत
शिवांगी खिडकीला डोकं लावून. जेबा सोबत आली होती, तिला हळूच विचारलं, तुम्ही बॉल सोडून का देता गं? तिनं आधी शिवांगीकडे बघितलं. मग म्हणाली, चाचा, तुमचा गुडघा बघून ऱ्हायलो ना आम्ही. शिवांगीच सांगायची, हळू गं, आप्पांना लागंल. घेऊ दे त्यांना बॉल, कसे लेकरावानी खुश होतात.

गाडीत जागा होती. भोकरपर्यंत उभा राहून आलो.

२ सप्टेंबर
दयानंदराव शिवांगीला घेऊन गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. आप्पासाहेब, तब्येतीला जपा, एवढंच म्हणाले. सिंधुनं आज न मागता चहा दिला.

शिवांगीला मेसेज करायचा. आधी इथं कच्चा लिहितो.

‘शिवांगी, तू कुठं कमी पडली न्हाईस. तू मला सांभाळत होतीस आणि मी समजलो, मी तुला घडवून राहिलो. धक्का लागला तर लागू दे, समोरची पडली तर पडू दे, हे मी तुला एकदाही म्हटलं न्हाई. पुढच्या महिन्यात नांदेडला आणखी एक चाचणी हाय. जेबा रविवारी जळकोटला यायला तयार हाय, लाज सोडून धक्के देईन म्हणते. मी मैदानात पाय ठेवणार न्हाई. पण चूक माझी होती, पोरीची न्हाई, हे तुझ्या वडलांना तोंडावर सांगायला यायचं हाय. ते मला ओसरीवर तरी बसू देतील का, तेवढं विचार. आणि लवकर कळव.’