दोन बोटांची जागा

प्रिय ताई,

"घट्ट वाटलं म्हणजे नीट बांधलं असं होत नाही." आईचं हे वाक्य आठवतं का तुला? तू अकरा वर्षांची असशील, मी सात. तुझा घोटा मुरगळला होता आणि आई हॉस्पिटलातली नर्सची ड्युटी संपवून यायच्या आत मी तिच्या कपाटातली पट्टी काढून तुझा पाय बांधून टाकला होता, पार मुसळासारखा. आई आली ती खांद्यावरची पर्सही न काढता तुझ्यापुढे बसली. तुझ्या अंगठ्याचं नख दाबलं. ते पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं. "अगं बाई, पाय बांधलास की पार्सल?" म्हणाली. सगळं सोडून पुन्हा बांधलं आणि माझी दोन बोटं पट्टीच्या आत सरकवून दाखवली. एवढी जागा राहिलीच पाहिजे, आणि नखाचा रंग परत आलाच पाहिजे. तू रडायची थांबलीस आणि मला जीभ काढून दाखवलीस.

आठ महिने झाले. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच ड्रॉवरमध्ये टाकशील, असंही होईल. तुझ्या घरी यायचं नाही, फोन करायचा नाही, हे तू सांगितलंस आणि मी पाळलं. पत्राचं तू काही बोलली नव्हतीस, म्हणून लिहिते आहे.

माझा पाय मोडला. दहा आठवड्यांपूर्वी. हातात दुकानात द्यायच्या शिवलेल्या पँटींचं गाठोडं होतं, जिना नुकताच धुतलेला, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय गेला. दुखलं असं म्हणवत नाही. काडी मोडल्यासारखा आवाज आला आणि तो माझ्या पायाचा आहे हे मला जरा वेळाने कळलं. खालच्या शेजारीण बाई मला दवाखान्यात घेऊन गेल्या. वाटेत त्याच रडत होत्या, मी त्यांना पाणी दिलं. डॉक्टर म्हणाले, हाड जागेवर आहे, नुसती चीर आहे, प्लास्टर नको, हवेचा बूट घाला.

हा बूट तू पाहिला नसशील. करड्या प्लॅस्टिकचा, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारा, चार पट्ट्यांचा. आत गादी असते आणि गादीत हवेच्या पिशव्या. बाजूला एक रबरी बटण, ते दाबत गेलं की हवा भरते आणि पाय सगळीकडून आवळला जातो. बसताना दुसरं बटण दाबून हवा सोडायची, उठताना पुन्हा भरायची. तळवा इतका जाड की दुसरा पाय आखूड पडतो. चांभाराकडून डाव्या चपलेला दोन थर लावून घेतले, तर मी अचानक उंच झाले. दुकानात मास्टर म्हणाले, "बाई, आता वरच्या फळीवरचे तागे तुम्हीच काढत जा." काज-बटण करणारी म्हणाली, चंद्रावर चाललात का? सगळे हसले. मीही हसले असेन. मशीनचं पेडल डाव्या पायाने दाबायची सवय झाली. पहिले काही दिवस शिवणी वाकड्या गेल्या, मग सरळ यायला लागल्या. सगळ्याची होते सवय.

सहा आठवड्यांनी बूट काढायचा होता. मी काढला नाही. तपासणीला गेलेच नाही. झोपताना काढायचा असतो, तोही काढत नव्हते. नर्सने आठ वेळा दाबायला सांगितलं होतं. मी आधी दहा वेळा दाबलं, मग बारा, मग मोजणं सोडलं. ताई, सांगायला कसंतरीच वाटतं, पण दिवसभरात मला काही जाणवायचं ते तेवढंच. कुणीतरी पाय धरून ठेवलाय असं. बाकी जेवण, काम, टीव्ही, सगळं काचेपलीकडे चालू असल्यासारखं. मग हळूहळू पायाचंही जाणवेनासं झालं, तेव्हा मी आणखी हवा भरली.

तुझ्या लेकीला रागावू नकोस, पण ती मला अधूनमधून मेसेज करते. 'मावशी, आजी बरी आहे' एवढंच. गेल्या महिन्यात तिने एक फोटो पाठवला. जेवणाच्या टेबलाचे चारही पाय पट्ट्यांनी बांधलेले. जुन्या ओढण्या फाडून आजीने बांधले म्हणे, दुपारभर बसून. आणि तिचे बाबा टेबल हलवायला गेले तर त्यांना दटावलं, "पेशंटला उठवू नका." मी तो फोटो मोठा करून पाहिला. वळसे किती सारखे आहेत गं. आईच्या आठवणीतून आपली नावं गेली, घर गेलं, वळसे तसेच.

चार दिवसांपूर्वी मास्टरांनी अक्षरशः रिक्षात घालून मला फिजिओथेरपीला पाठवलं. तिथली मुलगी पंचविशीची असेल. बूट काढून तिने माझ्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, पाय आहे हा, सायकलची ट्यूब नाही! किती वेळा दाबता?" मी म्हटलं, आठ. पट्ट्यांचे वळ उठले होते, बोटं फिकी पडली होती. तिने माझ्या अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. आम्ही दोघी बघत बसलो. रंग आलाच नाही लवकर. मुलगी म्हणाली, बघताय ना? मी बघत होते, पण तो पाय मला माझा वाटत नव्हता.

आता त्या दुपारचं. तेव्हा मी तुला काही बोलले नाही. आज बोलते आहे ते सुटका व्हावी म्हणून नाही. त्या आठवड्यात आई दोनदा घराबाहेर गेली होती. दुसऱ्यांदा बसस्टॉपवर सापडली, ड्युटीला उशीर होतोय म्हणून बसवाल्यावर चिडलेली. कुलूप लावलं की हात सुजेपर्यंत दार बडवायची. शाळेच्या चाळीस पँटी संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. तुला फोन करता आला असता. केला नाही. मी मऊ सुती पट्टी घेतली आणि तिचा पाय पलंगाच्या पायाला बांधला. मधे दोन बोटं घालून पाहिली. नख दाबून पाहिलं. रंग लगेच परत आला, ताई. आई खाली वाकून बघत होती. म्हणाली, "छान बांधलंस हं. कुठल्या वॉर्डची तू?" मी मशीनवर जाऊन बसले. तासाभराने तू तुझ्या किल्लीने दार उघडून आत आलीस. "जनावरालासुद्धा कुणी असं बांधत नाही," म्हणालीस. तू म्हणालीस ते खरं आहे. बांधलं नीट होतं, आणि तरी ते खरं आहे. तू तिला घेऊन गेलीस. मी पट्टीची घडी करून ठेवली आणि उरलेल्या पँटी पूर्ण केल्या. तेव्हापासून मला रडू आलेलं नाही.

आता बूट निघाला आहे. पाय बारीक झालाय, बोटं अजून बधिरच आहेत. थेरपीवाली मुलगी म्हणते, येईल हळूहळू, कुणाकडून तरी रोज चोळून घ्या. म्हणून विचारते. एक दुपार मला येऊ देशील? तिची मुलगी म्हणून नको, तुझी बहीण म्हणूनही नको. आईसमोर स्टूलवर बसेन आणि पाय पुढे करीन. ती पट्टी बरोबर आणीन. ती विचारेल कुठल्या वॉर्डची, तर काहीतरी सांगेन. तिने फक्त नख दाबून बघावं. तू दारात उभी राहा, हवं तर पूर्ण वेळ. मी तिला हात लावणार नाही. तू नाहीच म्हणशील, तुझ्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं. तरी विचारते, येऊ का?

तुझीच,
धाकटी