केस म्हणजे डोक्यावरचे नव्हेत

पोरगी वॉर्डातलं नर्सचं काम सोडून फोन उचलणारी कारकून झाली, असं तू चार पाहुण्यांत म्हणालास आणि तिच्याशी बोलणंच टाकलंस. लाज कशी वाटली नाही रे तुला?

असो. चिरंजीवास आशीर्वाद, पण आज अर्धाच.

गाढवपणा माझाही झाला. नात केस मॅनेजर झाली कळल्यावर मी शेजारणीला सांगून बसले, आता ती रोग्यांची वेणीफणी करणार. नात हसून म्हणाली, "आजी, केस म्हणजे एकेक रोगी. घरी गेल्यावरही त्याचं नीट चाललंय ना, हे मी बघायचं."

तिची पहिलीच केस एक शिंपी. साखर वाढून तिसऱ्यांदा भरती झालेला. हट्टी आहे, औषधं घेत नाही, असं डॉक्टर म्हणायचे. मी नातीला म्हटलं, "त्याला चिठ्ठी वाचायला लाव. चष्मा विसरलो म्हणाला, तर समज अक्षरशत्रू आहे. लिहायला-वाचायला शिकेपर्यंत मीही वर्षानुवर्षं तेच सांगायचे." तो अगदी तेच म्हणाला! मग तिने सकाळच्या डबीला पिवळा दोरा बांधला, रात्रीच्या डबीला काळा. आठ महिने झाले, शिंपी परत भरती झाला नाही. आता नव्या नर्सना हे काम तीच शिकवते.

हे पत्र टपालात टाकणार नाही. रविवारी आलास की हातात देईन, माझ्यासमोर वाच. उत्तर मला नको आणि बायकोच्या तोंडून तर नकोच. ते तू स्वतः लेकीला दे, तिच्याशी बोलून.

तुझी आई