घडीत गेलेली गोगलगाय

प्रिय ताई,

फोन करायचा सोडून पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, एवढंच कारण. मी 'अगं, मला' म्हणते तोवर मला काय हवंय ते तूच सांगून, वर उपाय सुचवून मोकळी होतेस. कागदात मध्येच तोंड घालता येत नाही. तेव्हा शांतपणे वाच. घसा कसा आहे? गुळण्या करतेस ना, की नुसतं दुसऱ्यांना सांगतेस?

तुझा घसा बसला त्या दिवशी वाचनालयात काय झालं, ते मी तुला अर्धंच सांगितलं. 'छान झालं' म्हटलं आणि विषय बदलला. खरं तर ग्रंथपालबाईंनी आपलं उंटाच्या चष्म्याचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं तेव्हा मी ते परत त्यांच्याच हातात द्यायला निघाले होते. इतकी वर्षं शब्द तुझे, चित्रं माझी. वाचणार तू आणि शेजारी उभी राहून पानं उलटणार मी. त्या दिवशी दोन्ही माझ्याच गळ्यात पडलं. वाचलं कसंबसं. टाळ्याही पडल्या. सुटले बाई, म्हणून पुस्तक मिटणार, तोच पुढच्या रांगेतली एक दात पडलेली मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं, गोगलगाय कुठे गेली?

तुझ्या गोष्टीत गोगलगाय नसतेच. ती मी काढते, प्रत्येक पुस्तकात, कुठेतरी कोपऱ्यात, आणि तू तिला 'तुझी ती पाहुणी' म्हणतेस. उंटाच्या पुस्तकात ती पहिल्या पानापासून चष्म्याच्या दुकानाकडे निघालेली आहे. शेवटच्या चित्रात मी तिला बरोब्बर दोन पानांच्या मधोमध काढली, आणि पुस्तक शिवताना बाईसाहेब घडीत गडप! नवशिक्यानेही करू नये अशी चूक. घडीत महत्त्वाचं काही काढायचं नसतं, हे मीच नव्या चित्रकारांना ओरडून सांगते.

सवयीने मी म्हणाले, लेखिकेला विचारून सांगते. तर ती पोरगी म्हणते कशी, लेखिकेने गोगलगाय लिहिलीच नाहीये, तुम्ही काढलीय, मग तुम्हालाच माहीत असणार! मी शेजारी पाहिलं, तर तू नव्हतीस. मग तोंडातून निघून गेलं की ती दोन पानांच्या मधल्या फटीत राहायला गेलीय. झालं! तिथे अंधार असतो का, ती खाते काय, दुसऱ्या पुस्तकांतलं कोणी तिला भेटायला येतं का, पुस्तक मिटल्यावर ती चेंगरत नाही का. एकाचंही उत्तर मला ठाऊक नव्हतं. पण ताई, मलाच ते कळून घ्यायची अशी काही घाई झाली की घरी आल्या आल्या मी पुस्तक ताणून ताणून उघडलं, ते पार उसवलंच. आत सुकलेला गोंद, दोरा आणि तिच्या एका शिंगाचं टोक. बाकीची कुठे गेली, काय माहीत.

मग मीच लिहायला बसले. हसू नकोस. पहिल्या खेपेला लिहिलं, 'लाल छत्री घेतलेली, हिरव्या टोपीतली गोगलगाय अंधाऱ्या फटीत हळूहळू शिरते.' तू दोन शब्द जास्त लिहिलेस की मी तुझ्या डोक्यावर बसते, छत्री लाल आहे ते चित्रात दिसतंय ना, मग तू कशाला सांगतेस म्हणून. आणि स्वतःवर आलं तर टोपीसुद्धा सोडली नाही! खोडत खोडत त्या पानावर एकच वाक्य उरलं : 'इथे कोण राहतं?' मला ते आवडतं. खरंच आवडतं. असं लिहायला लाज वाटतेय, पण राहू दे.

चित्रं काढून आपल्या संपादकबाईंना दाखवलं. त्यांना फट आवडली, चित्रं आवडली. शब्दांवरून मात्र एकदा ताईंचा हात फिरवून घ्या, म्हणाल्या. मी हो म्हणाले आणि तुझ्या घराच्या वाटेला लागलेसुद्धा. तुझ्या चौकातून परत फिरले. राग नाही गं तुझ्यावर. तू हात फिरवलास तर ते चांगलंच होईल, हीच तर भीती आहे. मग फटीत काय आहे ते तू सांगितलेलं असेल, मी नाही.

लहानपणी पाहुण्यांनी मला नाव विचारलं की सांगायचीस तू. डॉक्टरांनी विचारलं कुठे दुखतंय, तर तू म्हणालीस पोट. दुखत होता कान! मी मुकाट्याने पोटाचं औषध प्यायले, अख्खी बाटली. वर घरात सगळे मला चिडवणार, गोगलगाय अन् पोटात पाय. पोटात काही नव्हतं गं, तुझं बोलून व्हायची वाट बघत होते. अर्थात तू नसतीस तर शाळेत माझं काय झालं असतं देव जाणे, तेही तितकंच खरं.

काल पुन्हा संपादकबाईंकडे गेले आणि म्हटलं, शब्दांवर कुणाचा हात फिरणार नाही. त्या म्हणाल्या, ठीक आहे, शनिवारी वाचनालयात मुलांना वाचून दाखवा, मी मागे बसते. पोरं रमली तर जसंच्या तसं छापू, नाहीतर ताईंकडे द्यायचं. आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते सांगते. शनिवारी तू ये. तू नव्हतीस तेव्हा मला बोलता आलं. तू असताना येतं का, ते मला बघायचंय. पुढच्या रांगेत त्या बुटक्या खुर्चीवर बस, गुडघे हनुवटीला लागले तरी बस. मुलं प्रश्न विचारतील आणि मी गप्प होईन. बराच वेळ गप्प होईन, तुला माहीतच आहे. तुझ्या जिभेवर उत्तर तयार असेल, माझ्यापेक्षा झकास. ते गिळ. खोकला आला तर खोक, पण उत्तर देऊ नकोस. थांब जरा. मी सांगते.

तुझीच,
गोगलगाय