चटणी कोरडीच खायची

सोलापूर, ५ जुलै १९७६

ती. सौ. अक्कास, महादेवप्पाचा सा. न. वि. वि.

दुकानात छातीत कळ आली म्हणून डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासून म्हणाले, कोलेस्टेरॉल वाढलंय. म्हणजे रक्तात चरबी. आकडा दोनशेच्या आसपास हवा, माझा तीनशेच्या वर गेलाय. तूप बंद, रोज चालणं आणि गोळ्या. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. गिऱ्हाईक डाळ मागतं, मी साखर जोखतो. पेठेत जो तो वैद्य झालाय; एक म्हणतो लसूण खा, दुसरा म्हणतो मेथी भिजवून खा. गोळ्यांची मला धास्ती वाटते, एकदा लागल्या की सुटत नाहीत म्हणतात. त्यापेक्षा तुझी जवसाची चटणी पाठव. अप्पा याच वयात गेले. बायकोसमोर बोलत नाही, तुला लिहितो.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझा महादेवप्पा

मंगळवेढा, १२ जुलै

चि. महादेवास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापास्नं हातात काम टिकंना. चटणी आन करडईचं तेल एस्टीच्या कंडाक्टरासंगं धाडलंय, उतरून घे. लसूण लई घातलाय. चटणी कोरडीच खायाची, वर तूप न्हाई. आन गोळ्या सोडायच्या न्हाईत. चटणी ही चटणी हाय, तिला डाक्टर करू नगं. ल्हानपणी तू काढा तोंडात धरून परसात थुकायचास, मला ठावं हाय.

जिवाला जप, आमाला इसरू नगं.

अक्का

सोलापूर, २५ ऑगस्ट

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

चटणी अशी झालीय की एका भाकरीच्या जागी दोन जातात. कोरडी मात्र घशाखाली उतरत नाही, म्हणून वर तूप घेतो. थोडंच. गोळ्यांची पुडी अजून फोडली नाही. जवसाचा गुण येतोय असं वाटतं, मग मध्येच धडधडतं आणि नाडी धरून बसतो. रक्त तपासायला परत बोलावलंय, दिवाळीनंतर बघू. रागावू नकोस. चटणी संपत आलीय, आणखी पाठव.

लोभ आहेच, तो चटणीबरोबर येऊ दे.

महादेवप्पा

मंगळवेढा, १४ सप्टेंबर

श्री. महादेवप्पा यांस सिद्धलिंगप्पाचा नमस्कार. वि. वि.

तुमच्या बहिणीला न सांगता लिहितोय. कळलं तर मला घरात थारा नाही. नागपंचमीला वारुळाला गेली आणि नेम करून आली, भावाचा आकडा खाली येईपर्यंत तेल-तूप शिवणार नाही म्हणून. सणाला आम्हाला पोळीवर तूप वाढलं, स्वतः मीठ-भाकर खाल्ली. परवा चक्कर येऊन पायरीवर पडली, कपाळाला खोक पडली. मी म्हटलं, पथ्य त्याचं आणि पाळतेस तू, हा कुठला न्याय? तर म्हणाली, त्याला सांगितला तर नेम फळत नाही. तुमचं तुपाचं पत्र तिनं दोनदा वाचलं, पुन्हा चटणी कुटायला बसली.

पाहुणे, राग मानू नये. मला माझी बायको हवी आहे.

आपला, सिद्धलिंगप्पा

सोलापूर, २६ सप्टेंबर

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

मला सगळं कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस आणि भाऊजींशी भांडू नकोस. त्याच दिवशी पुडी फोडली, गोळी रोज घेतो. सकाळी तळ्याला फेरी मारतो. चटणी कोरडी खातो. घास तोंडात फिरत राहतो, मग पाण्याबरोबर ढकलतो. डॉक्टरांना म्हणालो, आजच रक्त तपासा, माझ्यापायी घरचं माणूस उपाशी आहे. ते म्हणाले, तुमच्या घाईनं आकडा उतरत नाही, दोन महिने थांबा. अक्का, शब्द देतो, आता चुकणार नाही. तू तूप खा. पाया पडतो तुझ्या.

तुझाच, महादेवप्पा

मंगळवेढा, ४ ऑक्टोबर

चि. महादेवास अनेक आशीर्वाद. वि. वि.

यांच्याशी भांडले न्हाई, नुसतं दोन दिवस बोलले न्हाई. नेम मोडायचा न्हाई, आकडा आल्यावर बघू. तुला लाज वाटावी म्हणून केला न्हवता. भ्या वाटलं म्हणून केला. माझ्या हातात दुसरं काय हुतं? भाऊबिजेला ये. गोडधोड करणार न्हाई, तुला वाढीन तेच मी खाईन. खरं सांगू का, एकटीला घास लई जड जात हुता, आन कुणाला सांगायची चोरी. तूबी तितं कोरडं खातोस म्हणल्यापास्नं भाकरी गोड लागाय लागलीया.

वाट बघते.

तुझी अक्का